केसांतलं पाणी

सुहिताच्या आईचा एक नेम होता. सकाळी विहिरीतून काढलेलं पहिलं पाणी कुणाच्या तरी हातात द्यायचं, ते त्या माणसाच्या घशाखाली उतरलं की मगच आपण घोट घ्यायचा. या नेमाला ना कहाणी होती, ना उद्यापन. रेवदंड्याच्या नारळी-पोफळीच्या वाडीत लग्न होऊन आल्यापासून तिने तो धरला होता आणि गेली एकतीस वर्षं तो पेला बहुतेक वेळा दादांच्या, म्हणजे सुहिताच्या वडिलांच्या हाती जात आला होता. दादा परगावी असले तर दूधवाला, पोस्टमन, नारळ पाडायला आलेला गडी, जो पहिला दारात येईल तो. लहानपणी सुहिताला वाटायचं, सगळ्यांच्याच आया अशा सकाळी पेला घेऊन दारात उभ्या राहत असतील.

आता ती राहत होती बाल्टिक समुद्राच्या काठच्या एका छोट्या देशात. समुद्री शेवाळापासून खत करण्याचं शास्त्र शिकायला ती विद्यार्थी व्हिसावर तिथे उतरली, शिक्षण संपल्यावर त्याच विषयातली नोकरी मिळाली, आणि बाकीच्या परदेशी मुलांसारखीच तीही दिवस मोजू लागली. सलग चार वर्षं त्या देशात राहून दाखवलं की कायमचं निवासपत्र मिळे. तोवर दर वर्षी नवा परवाना, त्याच मालकाकडे नोकरी, आणि घरी जायचं ते वर्षाला पंधरा दिवस. निवासपत्र हातात पडलं की मात्र हवं तेव्हा घरी जा, तीन महिने राहा, आईवडिलांना घेऊन या, कुणी विचारणार नाही. म्हणजे मनासारखं घरी जाता यावं म्हणून आधी चार वर्षं घरी जायचं नाही, असा तो हिशेब होता.

राहून दाखवायचं कसं? पूर्वी भाड्याचे करार, विजेची बिलं, पासपोर्टवरचे शिक्के जमवावे लागत. मग खोटे करार करून देणाऱ्यांचा धंदा इतका बोकाळला, प्रवासाच्या नोंदींत इतके घोटाळे झाले, की सरकारने वैतागून ती सगळी कागदपत्रं बाद केली. ती बघायचीसुद्धा नाहीत, असा कायदा केला. साक्षीला एकच गोष्ट ठेवली. केस.

पाणी सगळीकडे सारखं दिसतं, पण सारखं नसतं. पाण्याच्या कणात जो ऑक्सिजन असतो त्याचे बहुतेक अणू हलके असतात, एखादाच वजनाने जड निघतो. समुद्रावरून उठलेला ढग थंडीकडे सरकू लागला की हे जड कण आधी गळून पडतात. दमलेला हमाल डोक्यावरचं जडातलं जड ओझं आधी उतरवतो, तसंच. म्हणून कोकणच्या किनाऱ्यावरच्या विहिरीत जड अणू जास्त असतात, आणि हजारो मैल उत्तरेला पोचेपर्यंत ढग पार हलका झालेला असतो. माणूस जे पाणी पितो त्यातला ऑक्सिजन त्याच्या केसाच्या मुळाशी जाऊन बसतो. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, आणि एकदा वाढलेला भाग पुन्हा बदलत नाही. शास्त्रज्ञांना हे पूर्वीपासून ठाऊक होतं. नवं होतं ते यंत्र. ते एकच केस घेऊन अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरवर लेझरचा ठिपका टाकत जाई आणि दहा मिनिटांत सांगे, की हा माणूस कुठल्या महिन्यात कुठलं पाणी प्यायला.

दर वर्षी एक बट कापून निवास कार्यालयात जमा करायची. तिच्यात परक्या पाण्याचा डाग अर्ध्या सेंटीमीटरहून लांब निघाला, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आयात फळं, डबाबंद रस लोक घेतातच, म्हणून फिकट डागाला थोडी सूट होती.

या कायद्याने माणसं कशी बदलली ते लिहायला बसलं तर एक पुस्तक होईल. मुलगे केस राखू लागले. सुहिताच्या शेजारच्या खोलीतला निशिकांत ढमढेरे, मूळचा तळेगावचा. त्याचे वडील गेले तेव्हा तो बारा दिवसांसाठी गेला आणि मानेवर रुळणाऱ्या केसांनिशी परत आला. मुंडण केलं नव्हतं. केलं असतं तर वर्षाचा पुरावाच गेला असता. त्यावर तो कधी बोलला नाही. फक्त आल्यावर महिनाभर टोपी घालून हिंडत होता. आणि जाणारे लोक आता सामानात पाणी नेऊ लागले. इथल्या नळाचं पाणी कॅनमध्ये भरायचं, घरी जाऊन तेच प्यायचं. हा गुन्हा आहे असं कायद्यात कुठे लिहिलेलं नव्हतं. चालतं असंही लिहिलेलं नव्हतं. जो तो गुपचूप करी.

सुहिताचे चाळीस महिने झाले होते, तेव्हा आईचा फोन आला. दादांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली, घास गिळता येईना.

"तू लगेच नको निघूस," आई म्हणाली. "तुझं ते दिवसांचं असतं ना."

सुहिताने सव्वीस दिवसांची रजा काढली. निशिकांतने आपल्या ओळखीतून वीस वीस लिटरचे दोन कॅन आणले. दोघांनी मोरीत बसून ते भरले. कपडे पाठीवरच्या पिशवीत गेले.

मुंबईच्या विमानतळावर कस्टमच्या बाईंनी कॅनवर बोट वाजवलं. "हे काय?"

"पाणी."

"तीर्थ वगैरे आहे का कुठलं?"

"नाही. नळाचं."

बाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "मॅडम," त्या हळूच म्हणाल्या, "मुंबईत मिळतं हो पाणी."

*

रिक्षा वाडीच्या फाटकाशी थांबली तेव्हा सकाळचे सात वाजत होते. आई पायरीवर उभी होती, हातात पेला आणि गुळाचा खडा. चार दिवसांत ती वाळल्यासारखी दिसत होती. दादांच्या नाकात नळी घातल्यापासून तिचा पेला रोज शोधत फिरत असणार, हे सुहिताच्या लक्षात आलं, आणि तिला पुढचं वाक्य बोलणं जड गेलं.

"आई, पाणी नको मला. मी आणलंय माझं."

"म्हणजे?"

खरं काय ते सांगता आलं असतं. दोन मिनिटांचं काम होतं. पण तुझ्या विहिरीचं पाणी माझ्या खात्यावर डाग म्हणून पडतं, हे त्या पायरीवर, त्या पेल्यासमोर तिच्या तोंडून निघेना.

"पोटाचं जरा झालंय. डॉक्टरांनी तेच पाणी प्यायला सांगितलंय. काही काळजीचं नाही गं."

आईने वळून पेला कॅन उतरवणाऱ्या रिक्षावाल्यापुढे केला. "घे रे बाबा, दमलास."

"काकू, चाळीस किलो उचललेत," तो एका दमात पेला रिकामा करून म्हणाला. "अजून एक द्या. गूळपण द्या."

आई हसली, त्याला दुसरा पेला दिला, आणि मग आत जाऊन स्वतः प्यायली.

दिवसांना एक चाकोरी मिळाली. सुहिता दादांच्याच खोलीत झोपे. रोज दिवेलागणीला ती कॅनमधून तीन काचेच्या बाटल्या भरून त्यांच्या खिडकीच्या फळीवर ओळीने ठेवी, दुसऱ्या दिवसासाठी. चहाही त्याच पाण्याचा, तिचा तीच करून घेई. आमटी नको, ताक नको, सोलकढी नको. भाकरी, सुकी भाजी, भाजलेले पोह्याचे पापड. आईने कोकमं पिळायला घेतलेली वाटी तशीच मागे सरकवली, आणि त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

पाण्याची चव मात्र दुसऱ्या दिवसापासूनच बदलली. किंचित मचूळ, आणि तरीही गोड. कॅन उन्हात तापला असेल, सुहिताने मनाची समजूत घातली. किंवा आपल्या घरात कुठलंही पाणी गोडच लागत असेल. सकाळी ती पहिली बाटली तोंडाला लावी तेव्हा आई दाराशी उभी असे. काही काम नसताना. सुहिताचे दोन घोट झाले की ती पदर खोचून स्वयंपाकघरात जाई आणि माठावरचा पेला वाजे.

अलिबागहून एक बाई दिवसाआड येत, दादांना गिळायला शिकवायला. नुसतं पाणी त्यांच्या श्वासनळीत जाण्याची भीती, म्हणून त्यात पावडर घालून ते खिरीसारखं दाट करायचं आणि चमच्याने द्यायचं. दादांनी तोंड घट्ट मिटून घेतलेलं. बाई गोड बोलून थकल्या. सुहिताने चमचा हाती घेतला.

"दादा, एकच चमचा. माझ्यासाठी."

दादांनी डावा हात उचलला. फळीवरच्या बाटलीकडे बोट केलं, मग तिच्याकडे.

"मी? मी आधी पिऊ?"

त्यांनी मान हलवली. आईच्या एकतीस वर्षांच्या नेमाने त्यांनाही वळण लागलं होतं. सुहिता बाटली उचलून घटाघटा पाणी प्यायली. "हं, हे बघा. झालं."

आणि दादा हसले. अर्ध्याच तोंडाने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, खोकला येईल म्हणून बाईंनी पाठ थोपटेपर्यंत हसले. झटका आल्यापासून पहिल्यांदा. दारात उभ्या आईनेही तोंड फिरवलं, तिचे खांदे हलत होते. सुहिताला वाटलं, आनंदाने रडते आहे. मग दादांनी तोंड उघडलं आणि चमचा आत घेतला.

सव्विसाव्या दिवशी ती निघाली तेव्हा नळी निघाली होती आणि पहिल्या पाण्याचा पेला पुन्हा दादांच्या डाव्या हातात गेला होता. कॅन रिकामे झाले होते. अंगणातली तुळस तरारून कमरेला लागत होती.

*

सात महिन्यांनी शेवटची बट जमा केली, आणि तिसऱ्या दिवशी पत्र आलं. डाग: आठ पूर्णांक सात दशांश मिलिमीटर. गडद. सलग.

सुहिताने पत्र चारदा वाचलं. जेवणातल्या ओलाव्याचा फिकट डाग तिने धरलाच होता. पण हा तर सव्वीस दिवस विहिरीला तोंड लावून बसलेल्या माणसाचा डाग होता. यंत्र चुकलं, असं तिला वाटलं. अशी यंत्रं चुकत नाहीत, हेही माहीत होतं. तिने घरी फोन लावला.

"आई, मी आले होते तेव्हा माझ्या बाटल्यांतलं पाणी कुणी घेत होतं का?"

"कुणी नाही गं. का?"

"नीट आठव."

आई म्हणाली, "घेत कुणी नव्हतं. मी बदलत होते."

"बदलत होतीस?"

"रात्रभराचं शिळं पाणी ते. त्यातून तू म्हणालीस पोट बिघडलंय. प्लास्टिकात कधीचं भरलेलं, विमानातून आलेलं पाणी पोटाच्या माणसाला द्यायचं? पहाटे विहिरीचं ताजं काढायचे, उकळून गार करून भरून ठेवायचे. तुझं पाणी वाया नाही हो घालवलं. तुळशीला घातलं."



"दादांना माहीत होतं?"

"त्यांच्या डोळ्यांसमोर तर भरायचे. म्हणून तर हसले ना मेले त्या दिवशी." आई स्वतःच हसली आणि मग थांबली. "आणि खरं सांगू? माझ्या नेमाचंही होतं त्यात. मुलगी घरात असताना पहिलं पाणी बाहेरच्याला द्यायला जीव होईना. तू दोन घोट प्यायलीस की मग मी प्यायचे. का गं? काही झालं का?"

"आई, माझी चार वर्षं गेली."

सांगून झाल्यावर तिला ते वाक्य परत घ्यावंसं वाटलं, पण ते निघून गेलं होतं. मग तिने सगळं सांगितलं. केस, ढग, डाग, सगळं. सात महिन्यांपूर्वी पायरीवर सांगायचं राहिलेलं.

"मला खरं सांगायचंस ना, सुहे," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "मी हात लावला असता का त्या बाटल्यांना? दारात कुणाचीही वाट पाहिली असती." मग घाईघाईने, "मी लिहून देऊ का त्या लोकांना? चूक माझी आहे म्हणून? दादांची सहीसुद्धा होते आता, डाव्या हाताने."

मागून दादांचा जड, ओढलेला आवाज आला. "काय... झालं... तिला?"

"काही नाही," आई म्हणाली. "बोलत्येय."

*

निशिकांतने पत्र उलटंपालटं करून पाहिलं. आधी तुळशीची हकिकत ऐकून तो पोट धरून हसला होता. "त्या तुळशीचं एक पान पाठव कार्यालयात. तिचं निवासपत्र नक्की." मग हसू ओसरलं आणि त्याचं बोट पत्राच्या मागच्या बाजूला एका रकान्यावर थांबलं.

"हे बघ. नववा रकाना. धार्मिक व्रत."

लोक श्रद्धेने दूरदूरचं पाणी मागवून पितात, कुणी झमझम, कुणी गंगाजल, म्हणून कायद्याने ही वाट ठेवली होती. इथेच राहून, व्रत म्हणून परगावचं पाणी प्यायलं असेल तर तसं शपथेवर लिहायचं. डाग माफ.

"पुरावा मागत नाहीत," निशिकांत म्हणाला. "मागायला कायद्याने मनाई आहे. सव्वीस दिवस इथे बसून गावच्या विहिरीच्या पाण्याचं व्रत केलं, एवढं लिही. तुमच्या घरात तर नेमधर्म आहेच, कोण शंका घेणार?"

"न केलेलं व्रत लिहू?"

"बाई, मी न केलेलं मुंडण अंगावर वागवतोय." तो मानेवरच्या केसांकडे हात नेऊन थांबला. हा विषय त्याने प्रथमच काढला होता. "मलाही तेव्हा वाटलं होतं, नाही जमणार. जमलं."

"बरं वाटतं तुला?"

"नाही," तो म्हणाला. "पण निवासपत्र आहे खिशात. आता आई आजारी पडली तर उद्याचं विमान पकडीन. तुझ्या दादांना दुसरा झटका आला तर तू काय करशील? कॅन भरशील?"

तो गेल्यावर सुहिता तीन दिवस कागद समोर ठेवून होती. निशिकांत चुकीचं बोलत नव्हता. एक ओळ लिहिली की उन्हाळ्यात तीन महिने दादांजवळ राहता येणार होतं. ते आता काठी टेकत विहिरीपर्यंत जात. न लिहिली तर पुन्हा चार वर्षं, वर्षाला पंधरा दिवस. दादा चार वर्षं असतील का, हा प्रश्न ती पुरता विचारतही नव्हती, अर्ध्यावरच सोडून देत होती.

पण लेखणी उचलली की तिला दारात उभी आई दिसे. पोटभर तहान घेऊन, पेला लेकीच्या हाती देता येत नाही म्हणून बाटलीत भरून, तिचे दोन घोट होईपर्यंत वाट बघणारी. देवाला त्या नेमाबद्दल तिने कधी काही मागितल्याचं सुहिताला आठवत नव्हतं. आणि आता आपण तिच्यासारखाच नेम कागदावर मांडून त्याच्या बदल्यात निवासपत्र मागायचं? एकदा खोटं बोललो, पायरीवर, तिला वाईट वाटू नये म्हणून. त्याचं काय झालं ते केसात लिहिलेलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी ती काही न खातापिता निवास कार्यालयात गेली.

खिडकीतल्या बाईंचं नाव इल्वे होतं, केस पांढरे, आखूड. त्यांना केस राखण्याची गरज नव्हती. त्या इथल्याच होत्या. त्यांनी नववा रकाना वाचला आणि चष्मा काढला.

तिथे लिहिलं होतं: व्रत होतं. माझं नव्हतं, माझ्या आईचं होतं. ठिकाण, रेवदंडा. मी तिथे सव्वीस दिवस होते.

"तुम्हाला कळतंय ना," इल्वेबाई म्हणाल्या, "ठिकाण तिथलं लिहिलंत तर हा रकाना तुमच्या उपयोगाचा नाही. मी हे माफ करू शकत नाही."

"कळतंय."

"तुम्ही इथलं पाणी बरोबर नेलं होतंत?"

"हो. चाळीस लिटर. आईने ते बदलून विहिरीचं भरलं."

"का बदललं?"

"शिळं झालं म्हणून."

"पाणी शिळं होतं?"

"आमच्याकडे होतं. रात्र उलटली की."

इल्वेबाईंनी खुर्चीला पाठ टेकली. "तेवीस वर्षं मी या खिडकीत बसते," त्या म्हणाल्या. "या रकान्यात लोकांची किती व्रतं वाचली असतील. ठिकाण खरं लिहिणारं माणूस आज पाहिलं." त्यांनी शिक्का उचलला आणि हात जरा थांबवला, जणू सुहिताने कागद मागे ओढावा म्हणून. सुहिताचा हात हलला नाही. शिक्का पडला. "चार वर्षं. कबुलीच्या तारखेपासून, म्हणजे आजपासून. पंधरा दिवस मात्र दर वर्षी तुमचे आहेत. ते कुणी काढून घेत नाही."

"यंदाचे उद्यापासून घेते," सुहिता म्हणाली. या खेपेला सामानात कपडे भरायचे होते.

बाहेरच्या दालनात कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याचा नळ होता, शेजारी कागदी पेल्यांची चळत. तिच्या घशाला कोरड पडली होती. तिने पेला भरला, ओठांपर्यंत नेला आणि थांबली.

बाकावर एक मुलगी बसली होती, विशीतली, कुठल्या तरी उन्हाच्या देशातली. हातात क्रमांकाची चिठ्ठी, लांब वेणी पुढे घेऊन तिचं टोक बोटांत पिळत होती. सुहिताने पेला तिच्यापुढे केला. मुलीने गोंधळून वर पाहिलं, मग दोन्ही हातांनी पेला घेतला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. तिलाही तहान लागली असावी.

तिचा पेला रिकामा होईपर्यंत सुहिता उभी राहिली. मग दुसरा भरून ती स्वतः प्यायली. पाणी थंड होतं, हलकं होतं. पंधरा-वीस दिवसांत ते तिच्या केसांच्या मुळाशी येणार होतं, आणि त्याच्या जरासं खाली, पुढच्या पंधरा दिवसांचं, विहिरीचं.